नव्या टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवा मोठा टीव्ही घेतला, पूर्वी अनेकदा पाहिलेला सिनेमा लावला, तर तो सिनेमा वाटेचना. चित्र स्वच्छ आहे, रंगही छान आहेत, पण हालचाल इतकी सलग दिसते की आपण चित्रीकरणाच्या जागी उभे राहून नटांना बघतोय असं वाटतं. घरातल्या इतरांना मात्र काहीच फरक कळत नाही. मग दोष टीव्हीत की बघणाऱ्याच्या डोळ्यांत? आणि त्याला जोडून दुसरी शंका: फोनवर काढलेले व्हिडिओ इतके स्पष्ट असतात, तरी ते सिनेमासारखे का दिसत नाहीत?

टीव्ही बिघडलेला नाही आणि तुमचे डोळेही ठणठणीत आहेत. उलट, हा फरक कुणी न सांगता तुमच्या लक्षात आला याचा मला आनंद झाला. मी बरीच वर्षं सिनेमांचं संकलन आणि कलर ग्रेडिंग (चित्राचे रंग आणि उजेड ठरवणं) करतो. आम्ही जे महिनोन्‌महिने बसून बारकाईने ठरवतो ते घरच्या पडद्यावर एका सेटिंगमुळे बदलून जातं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. तुमच्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू आहे. सोनीच्या टीव्हीत तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीमध्ये ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. बहुतेक टीव्ही दुकानातून येतात तेव्हाच ती चालू असते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्हीतली चिप लागोपाठची दोन चित्रं शेजारी ठेवून कोणती गोष्ट कुठून कुठे सरकली याचा अंदाज बांधते, आणि त्या दोघांच्या मध्ये बसतील अशी नवी चित्रं स्वतःच तयार करते. पडदा सेकंदाला १२० वेळा बदलणारा असेल, तर कॅमेऱ्याने टिपलेल्या एका चित्रामागे चार चित्रं टीव्हीने रचलेली असू शकतात. म्हणजे तुम्ही पाहता त्यातला मोठा भाग कुणी चित्रित केलेलाच नसतो.

हा २४ चा आकडा आला कुठून, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. वेग असा बांधलेला नव्हता. सेकंदाला १६, १८, २०, जसा हात चालेल आणि जसा प्रसंग असेल तसा. दाखवतानाही प्रोजेक्टर चालवणारा आपल्या अंदाजाने वेग धरायचा. मग १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि आवाज थेट फिल्मच्या कडेवर छापला जाऊ लागला. चित्राचा वेग थोडा मागेपुढे झाला तर डोळा चालवून घेतो, कान नाही घेत. वेग हलला की स्वर हलतो. त्यामुळे एकच वेग पक्का करणं भाग पडलं आणि २४ ठरला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे या वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. वेग वाढवला तर फिल्मचा खर्च वाढणार, कमी केला तर आवाजाचा दर्जा घसरणार. आकडा ठरला तो असा, आवाज आणि खर्च यांच्या ओढाताणीतून. सौंदर्याचा विचार त्यात नव्हता. जुन्या मूकपटांतली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात त्याचं कारणही हेच: १६ च्या वेगाने घेतलेलं चित्रण २४ ने चालवलं की सगळं दीडपट वेगाने घडतं. त्या काळच्या प्रेक्षकांना ती माणसं बहुतेक वेळा इतकी धांदलीत दिसत नसत.

आता गंमत बघा. सेकंदाला २४ चित्रं एवढ्याने पडद्यावरची लुकलुक थांबत नाही. म्हणून प्रोजेक्टरमधलं फिरतं पातं एकच चित्र दोनदा दाखवतं आणि पडदा सेकंदाला ४८ वेळा उजळतो. लुकलुक न जाणवणं आणि हालचाल दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला शाळेत शिकवतात की प्रतिमा डोळ्यांत थोडा वेळ रेंगाळते म्हणून सिनेमा हलताना दिसतो. पण नुसत्या प्रतिमा रेंगाळल्या असत्या तर एकीवर एक साचून चिखल झाला असता. हालचाल मेंदू घडवतो. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रयोगांतून दाखवलं की दोन वेगवेगळ्या जागी एकामागोमाग एक रेघ योग्य अंतराने दाखवली, तर बघणाऱ्याला एकच रेघ सरकताना दिसते. प्रत्यक्षात काहीच सरकलेलं नसतं.

सिनेमाचा कॅमेरा तर हालचालीतला जवळपास अर्धा भाग टिपतच नाही. नेहमीच्या पद्धतीत शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश सोडणारं आणि अडवणारं फिरतं पातं, १८० अंशांचं असतं: वर्तुळाचा अर्धा भाग उघडा आणि अर्धा बंद. प्रत्येक चित्राला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो आणि पुढचं १/४८ सेकंद अंधार. उघड्या वेळात जे हललं त्याचा फराटा चित्रावर उमटतो. एखादं चित्र थांबवून पाहा: धावणाऱ्याचा चेहरा ओळखू येईल, पण हातपाय पुसट दिसतील. तो पुसटपणाच पुढच्या चित्राशी दुवा जोडतो. बंद वेळात काय झालं ते प्रेक्षकाचं मन भरून काढतं. मला सिनेमाबद्दल सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते याच गोष्टीचं. प्रेक्षक आयतं घेत नाही, दर सेकंदाला २४ वेळा तो त्यात आपली भर घालतो.

चित्रकारांना हे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी उमगलं होतं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझचं सूत कातणाऱ्या स्त्रियांचं चित्र आहे, साधारण १६५५ ते १६६० मधलं. त्यातल्या चरख्याचं चाक जवळून बघा. आरे नाहीतच. कडेचा गोल आहे, आत पारदर्शक धूसर भाग आहे, त्यात एकदोन चमकत्या कमानी आहेत आणि पलीकडचं दृश्य त्यातून दिसतं. त्या काळी चाक रंगवायचं म्हणजे आरे मोजून काढायचे. या माणसाने चाक काय आहे ते न रंगवता फिरताना ते डोळ्याला कसं दिसतं ते रंगवलं. फोटोग्राफीचा शोध लागायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

उलट उदाहरणही सांगण्यासारखं आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ साली रंगवलेल्या शर्यतीच्या चित्रात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत झेपावताना दिसतात. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून घोड्याच्या धावेचे फोटो घेतले, तेव्हा कळलं की चारही पाय जमिनीपासून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेले असताना नव्हे. म्हणजे जेरिको चुकला? शिल्पकार रोदँचं मत नेमकं उलटं होतं. त्याचं म्हणणं, कलावंत खरा आणि फोटो खोटा, कारण प्रत्यक्षात काळ कधी थांबत नाही. जेरिकोच्या घोड्यात आधीचा आणि नंतरचा क्षण एकत्र आले आहेत, म्हणून तो धावतो. फोटोतला घोडा गोठतो. माझं मत रोदँच्या बाजूने आहे. तुमच्या टीव्हीच्या भानगडीतही हाच वाद आहे: जास्त माहिती म्हणजे जास्त खरं, असं टीव्ही धरून चालतो.

मग मालिकेसारखंच का वाटतं? कारण सवय. अनेक दशकं बातम्या, खेळांचं थेट प्रक्षेपण आणि स्टुडिओत चित्रित होणाऱ्या मालिका व्हिडिओ कॅमेऱ्यांवर होत आल्या. त्यात सेकंदाला ५० किंवा ६० अर्धचित्रं (चित्राच्या एकाआड एक ओळी) असायची, आणि प्रत्येक अर्धचित्र वेगळ्या क्षणाचं. त्यामुळे हालचाल सिनेमाच्या दुपटीहून जास्त सलग. मन शिकून बसलं: अशी सलग हालचाल म्हणजे आत्ता, इथे, खरंखुरं; आणि किंचित तुटक, किंचित पुसट हालचाल म्हणजे गोष्ट. टीव्ही मधली चित्रं भरतो तेव्हा सिनेमावरची ही गोष्टीची खूण पुसली जाते. प्रकाशयोजना तीच, नट तेच, पण दाढी चिकटवलेली वाटते आणि भिंत प्लायवूडची.

सवयीचा भाग सोडला तरी टीव्हीचा अंदाज चुकतोही. तो कुठे चुकतो ते एकदा ओळखता आलं की सहज सापडतं. माणूस गजांच्या कुंपणामागून चालत जातोय असा प्रसंग शोधा. गज सगळे सारखेच, त्यामुळे कोणता गज कुठे गेला याचा चिपला गोंधळ होतो आणि माणसाभोवती पाण्यासारखी थरथर दिसते. किंवा कुणी चेहऱ्यासमोरून हात फिरवतो तेव्हा बघा. हातामागे लपलेला गालाचा भाग आधीच्या चित्रात नसतो, म्हणून टीव्ही तो बनवतो, आणि हाताच्या कडेला एक क्षणभर वितळल्यासारखी किनार येते. धूर, पाऊस, उडणारं पाणी यांत तर अंदाज बांधायला धडसं काही नसतंच. कधी कधी तीनचार सेकंद सगळं गुळगुळीत चालतं, मग अवघड हालचाल आली की चिप हात टेकते आणि चित्र एकदम तुटक होतं, परत गुळगुळीत होतं. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो. प्रसंगाची लय मध्येच कुणीतरी बदलतंय असं वाटतं.

अॅनिमेशनमध्ये नुकसान आणखी मोठं. हाताने काढलेल्या अॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र दोन फ्रेम (सेकंदाच्या २४ चित्रांपैकी प्रत्येक म्हणजे एक फ्रेम) धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ठसका त्या थांबण्यातच असतो. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये तर याचाच अभिनयासारखा वापर आहे. जंगलातून झोके घेत जाताना अनुभवी स्पायडर-मॅन पीटर दर फ्रेमला हलतो आणि नवखा माइल्स दोन फ्रेमला एकदा, म्हणून तो अडखळत शिकतोय हे शरीरातूनच दिसतं. टीव्हीने मधली चित्रं भरली की शिकाऊ आणि उस्ताद यांतलं अंतर मिटतं. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या युद्धपटात समुद्रकिनाऱ्याच्या लढाईत शटर मुद्दाम ९० आणि ४५ अंशांपर्यंत अरुंद केलं होतं. पुसटपणा गेला, उडणारी वाळू कणाकणाने दिसू लागली आणि हालचाल झटक्याझटक्याने अंगावर येऊ लागली. तो झटका म्हणजेच त्या प्रसंगाची भीती, आणि टीव्हीला ती दुरुस्त करायची खोड वाटते.

टीव्ही बनवणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी, कारण त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही प्रत्येक चित्र क्षणभर चमकवून विझवायचा. आजचा सपाट पडदा पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं तसंच धरून ठेवतो. सरकत्या वस्तूचा पाठलाग करताना डोळा सतत फिरत असतो आणि पडद्यावरचं चित्र मात्र ठोकळ्यासारखं उभं असतं, म्हणून डोळ्याच्या पडद्यावर ते फासलं जातं. खेळाच्या सामन्यात चेंडू पुसट दिसतो तो बराचसा यामुळे. मधली चित्रं घातली की ते कमी होतं. शिवाय ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यात २४ समान वाटले जात नाहीत: एक चित्र तीन वेळा, पुढचं दोन वेळा दाखवावं लागतं, म्हणजे एक ५० मिलिसेकंद थांबतं आणि दुसरं ३३. कॅमेरा संथ आडवा फिरतो तेव्हा ही लंगडी चाल स्पष्ट जाणवते. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्राला बरोबर पाच वेळा मिळतात आणि चाल सरळ होते. त्यामुळे टीव्ही घेताना सिनेमासाठी १२० हर्ट्झ बघावेत असं मी नेहमी सांगतो. चित्रं बनवण्यासाठी नव्हे, समान वाटण्यासाठी. ओएलईडी पडद्यावर चित्र इतक्या झटकन बदलतं की २४ चा तुटकपणा जरा जास्तच बोचतो, हेही खरं.

घरातल्यांना फरक का कळत नाही? काहींचं लक्ष चेहऱ्यांवर आणि संवादांवर असतं, हालचालीच्या पोताकडे नसतंच. काहींचे डोळे लहानपणापासून ६० फ्रेमच्या व्हिडिओ गेमवर पोसलेले असतात, त्यांना सलग हालचालच ओळखीची. यात कुणी अडाणी नाही. पण एकाच प्रसंगावर सेटिंग चालू-बंद करून दाखवलं तर बहुतेकांना फरक दिसतो, आणि एकदा दिसला की पुन्हा न दिसणं कठीण.

आता रिमोट हातात घ्या. काही टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ असतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी व्हिडिओ काढून लोकांना हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करायची विनंती केली होती. पुढच्याच वर्षी यूएचडी अलायन्स या संघटनेने हा मोड जाहीर केला. तो निवडला की मधली चित्रं भरणं बंद, जादा शार्पनेस बंद, आणि चित्राची मूळ चौकट कायम. तो नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड निवडा आणि मग हालचालीच्या मेनूत स्वतः जाऊन पाहा, कारण या मोडमध्येही ती सोय थोडी चालू असू शकते. तिथे बऱ्याचदा दोन पट्ट्या असतात: डी-ब्लर (पुसटपणा घालवणारी) आणि डी-जडर (तुटकपणा घालवणारी). २४ फ्रेमच्या सिनेमाला बिघडवते ती डी-जडर. ती शून्यावर आणा. संथ फिरणाऱ्या कॅमेऱ्यात अगदीच त्रास होत असेल तर एक किंवा दोनवर ठेवा, त्याच्या वर नको. डी-ब्लर मुख्यतः ५०-६० फ्रेमच्या चित्रणासाठी आहे. घरात सामने बघणारे असतील तर त्यांच्या मोडमध्ये ती खुशाल राहू द्या, तिथे ती उपयोगाचीच आहे. आणि एक जागा लोक हमखास विसरतात: बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग्ज प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेल्या) चित्रासाठी वेगळी जपली जातात. एका ठिकाणी बंद केली म्हणून सगळीकडे झाली असं समजू नका.

मी जास्त फ्रेमच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. पीटर जॅक्सनने ‘द हॉबिट’ २०१२ मध्ये ४८ फ्रेमने चित्रित केला, दिग्दर्शक अँग ली २०१६ मध्ये १२० पर्यंत गेला. ‘हॉबिट’ बघून अनेकांनी नेमकी तुमचीच तक्रार केली, सेट सेटसारखे दिसतात म्हणून; तरी तो प्रयोग मला मोलाचा वाटतो. जॅक्सननेच २०१८ च्या पहिल्या महायुद्धावरच्या माहितीपटात हाताने दांडा फिरवून घेतलेलं, सेकंदाला १० ते १८ अशा कमीजास्त वेगाचं चित्रण संगणकाने मधली चित्रं भरून २४ वर आणलं, आणि शंभर वर्षांपूर्वीचे सैनिक बाहुल्यांसारखे न पळता माणसांसारखे चालू लागले. जातीने तंत्र हेच, जे तुमच्या टीव्हीत आहे. पण तिथे कुणीतरी बसून एकेक प्रसंग तपासला होता आणि निर्णयाची जबाबदारी घेतली होती. तुमच्या घरातली चिप सगळ्या सिनेमांना एकाच मापाने कापते.

राहिली फोनची शंका. उन्हात चित्रण करताना फोन प्रकाश आवरण्यासाठी शटरचा वेळ फार कमी करतो, सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. बहुतेक फोनच्या भिंगाचं छिद्र लहान करता येत नाही, त्यामुळे त्याला दुसरा इलाज नसतो. परिणाम असा की प्रत्येक फ्रेम सुटी बघितली तर लख्ख, पण फराटा नाही, म्हणून दोन फ्रेमना जोडणारा दुवाही नाही. चालणारा माणूस टकटक करत पुढे सरकतो. शटर हाताने ठरवू देणारं अॅप घ्या, फ्रेम २४ किंवा २५ ठेवा आणि शटर १/५०. लगेच चित्र पांढरंफटक होईल. १/१६०० वरून १/५० वर आलात तर ३२ पट प्रकाश जास्त येतो, तेवढाच अडवणारी गडद काच म्हणजे एनडी ३२ फिल्टर भिंगावर लावायची. पैसे खर्च करायचे नसतील तर संध्याकाळच्या उजेडात किंवा सावलीत चित्रण करा; शटर आपोआप लांबतं.

घरातल्या दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर तोही शटरचाच मामला. वीज ५० हर्ट्झची असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, तेव्हा १/५० किंवा १/१०० हे शटर त्यांच्याशी जुळतं. ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०. खात्री करायची असेल तर फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करून बघा, डोळ्याला स्थिर दिसणारा दिवा धडधडताना दिसेल.

आणि कॅमेरा आडवा फिरवताना घाई करू नका. छायालेखकांचा जुना ढोबळ हिशेब असा की चौकटीच्या एका कडेला दिसणारी वस्तू दुसऱ्या कडेला पोचायला सात सेकंद तरी लागावेत. त्याहून वेगाने फिरवलं तर २४ फ्रेममध्ये पार्श्वभूमी ठेचकाळते. घाईच असेल तर मग इतक्या झटक्यात फिरवा की मधलं सगळं एका फराट्यात जाईल. पॅन, म्हणजे कॅमेऱ्याचं हे आडवं फिरणं, बिघडतो तो या दोन्हींच्या मधल्या वेगात.